सांगणाऱ्याचं काम, ऐकणाऱ्याचं काम

आग्रही : कामाच्या ठिकाणचे शिष्टाचार म्हणजे वेळेवर येणं, मोबाइलचा आवाज बंद ठेवणं, साहेब आत आले की उठून उभं राहणं, अशी यादी आपण करतो आणि भिंतीवर लावतो. माझ्या मते या सगळ्याच्या वर एकच शिष्टाचार आहे. वरिष्ठ चुकतोय हे हाताखालच्या माणसाला वेळेत आणि स्पष्ट सांगता आलं पाहिजे. ते जमलं नाही की काय होतं, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. विमानात १६६ जण होते, त्यांतले १५८ गेले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, एअर मार्शल भूषण गोखले. तो अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेले होते, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावरून कळलं. उतरायची वेळ आली तेव्हा विमान हवं त्यापेक्षा फार उंच होतं. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं की ‘गो अराउंड’, उतरू नका, पुन्हा वर घ्या. यंत्रंही इशारे देत होती. धावपट्टी सुमारे ८,००० फुटांची, आणि विमान टेकलं ते तिचे जवळपास ५,२०० फूट मागे पडल्यावर. वरिष्ठापुढे कनिष्ठाचा शब्द चालत नसेल, तर ती संस्था धोकादायक आहे. मग ती विमान चालवो, दवाखाना चालवो की नगरपालिका.

शंकेखोर : तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो सहवैमानिक गप्प बसला नव्हता. बोलला, आणि एकदा नाही, तीनदा बोलला. नेमके शब्द वापरले, वेळेत वापरले. कनिष्ठाला बोलायला शिकवा, त्याची भीती घालवा, असं जे तुम्ही सांगता ते सगळं त्या माणसाने त्या थोड्याशा वेळात केलं होतं. तरी विमान दरीत गेलं. मग बिघाड कुठे होता? बोलण्यात नव्हता. आपल्याकडच्या सगळ्या कार्यशाळा मात्र कनिष्ठासाठी असतात. धीट व्हा, मुद्देसूद बोला, नकार कसा द्यायचा ते शिका. ज्याने ऐकायचं असतं तो त्या दिवशी दीपप्रज्वलन करून मीटिंगला निघून गेलेला असतो.

आग्रही : आक्षेप रास्त आहे, पण अहवालातला पुढचा भाग पाहा. सहवैमानिकाने स्वतः ताबा का घेतला नाही, याचा विचार चौकशीत झाला. उतरणं रद्द करण्याचा अधिकार सहवैमानिकाला आहे की नाही, याबद्दलच्या निरनिराळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती आणि बहुधा त्यामुळे तो सांगत राहिला, पण हात पुढे केला नाही, असं अहवाल म्हणतो. म्हणजे दोष नियमात होता आणि नियम सुधारता येतो. विमानवाहतुकीने ते आधीही केलंय. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी वेग घेतलेल्या विमानाच्या कॅप्टनला त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून अजून हटलं नाही का. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस. त्याने ठामपणे सांगितलं की हटलंय. प्रश्न तिथेच संपला. अशा अपघातांचा अभ्यास झाला, १९७९ मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली आणि दोन वर्षांनी युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांना एकमेकांशी कसं बोलायचं, कसं ऐकायचं याचं प्रशिक्षण सुरू केलं. कॅप्टनलाही त्या वर्गात बसावं लागतं. तुमची तक्रार आहे ना की वरिष्ठ निघून जातो? तिथे त्याला निघून जाता येत नाही.

शंकेखोर : आता मी तुम्हाला मंगळूरच्या दहा वर्षं पुढे नेते. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. कंपनी तीच, पाऊस पडतोय, डोंगरावरची तशीच धावपट्टी. विमान निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकलं आणि पलीकडे कोसळलं. २१ जण गेले, दोन्ही वैमानिकांसह. चौकशी अहवालात संभाव्य कारण काय दिलंय? सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं असतानाही उतरणं चालू ठेवलं गेलं आणि सहवैमानिकानेही ताबा घेऊन विमान वर नेलं नाही. मंगळूरनंतर नियमातल्या संदिग्धतेवर बोट ठेवलं होतं. इथे ताबा न घेणं हेच थेट कारणांत आलं. मधल्या दहा वर्षांत कागद सुधारला असेल, पण डाव्या खुर्चीतला कॅप्टन आणि उजव्या खुर्चीतला सहवैमानिक यांच्यातलं अंतर तसंच राहिलं. त्या माणसांना दोष देण्याची माझी इच्छा नाही, दोघेही आपल्यात नाहीत. मला एवढंच म्हणायचंय की वर्षानुवर्षं ज्याला ‘सर’ म्हटलं त्याच्या हातातलं काम काही सेकंदांत काढून घेणं कुठल्याही परिपत्रकाने माणसाच्या अंगी बाणत नाही.

इथे संवाद अडू शकला असता. कोळिकोडच्या अहवालापुढे नियमाचं नुसतं गुणगान टिकत नाही. पण आग्रही माणसाचा मुद्दा नियमापुरता नव्हता. त्याचं लक्ष सवयीकडे होतं.

आग्रही : म्हणूनच मी शिष्टाचार म्हणतोय, नियम नाही. नियम संकटाच्या वेळी आठवावा लागतो, शिष्टाचार रोज पाळून अंगवळणी पडलेला असतो. शस्त्रक्रियेचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी म्हणायची १९ मुद्द्यांची यादी दिली. त्यात चिरा देण्यापूर्वीची एक पायरी आहे, खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळ्यांनी. वरवर पाहता ही साधी ओळख आहे, सभ्यपणा आहे. पण ज्याने एकदा तोंड उघडून आपलं नाव सांगितलं, त्याला पुढे ‘डॉक्टर, एक स्पंज कमी भरतोय’ हे सांगणं सोपं जातं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्यांत दिल्ली होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. एका मिनिटाच्या ओळखीने हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही, यादीत बाकीचेही मुद्दे आहेत. पण माणसं एकमेकांना नावाने ओळखतात तिथे जबाबदारीही नावानिशी येते.

शंकेखोर : आणि २०१४ चा अभ्यास? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने हीच यादी सक्तीची केली होती. १०१ रुग्णालयांतले आकडे तपासले, तर मृत्यूंत आणि गुंतागुंतीत लक्षात घ्यावा असा फरक दिसला नाही. यादी भरल्याचं रुग्णालयं नियमित कळवत होती. म्हणजे चौकटीत खुणा पडत होत्या. ज्यांनी स्वतःहून, शिकून, वाद घालून यादी स्वीकारली त्यांच्याकडे ती कामाला आली. वरून आली तेव्हा नुसता रकाना उरला, असं माझं वाचन आहे. आपल्याकडे तर रकाना भरण्याची परंपराच मोठी आहे. हजेरीपट, लॉगबुक, तपासणीसूची, सगळं महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेलं पाहिलं नाही असा माणूस मला दाखवा.

आणखी एक सांगते. कनिष्ठाला पहिला शब्द देणारी पद्धत परदेशातून आणायचं काही कारण नाही. ती आपल्या सरकारी फाइलमध्ये पहिल्यापासून आहे. टिपणी कोण सुरू करतो? लिपिक. त्याच्याखाली अव्वल कारकून लिहितो, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार, आणि सगळ्यात शेवटी मोठे साहेब. कागदावर पाहाल तर सर्वांत खालच्या माणसाने आधी मत मांडायचं आणि सर्वांत वरच्याने ते वाचून निर्णय द्यायचा. याहून लोकशाही रचना कुठली? आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. लिपिक लिहितो, ‘सदर प्रस्ताव नियमातील तरतुदीत बसत नाही, तरी आदेशार्थ सादर.’ फाइल वर जाते आणि समासात दोन शब्द घेऊन खाली येते, ‘चर्चा करावी’. लिपिक फाइल छातीशी धरून केबिनमध्ये जातो. आत पाच मिनिटं. बाहेर आल्यावर तो पान बदलतो, किंवा पान बदलायची सोय नसेल तर खाली नवा परिच्छेद लिहितो, ‘चर्चेनुसार प्रस्ताव पुनश्च तपासला असता मान्यता देण्यास हरकत दिसून येत नाही.’ त्या पाच मिनिटांत काय बोलणं झालं याची एक ओळही कुठे नाही. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर सही आणि अक्षर लिपिकाचं. साहेबाने फक्त त्याचं मत मान्य केलेलं असतं.

आग्रही : अगदी. आणि याच पाच मिनिटांवर उपाय करायचे प्रयत्न आपल्या देशात झालेत, ते आपण विसरतो. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतच आहे की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, आणि तोंडी द्यावाच लागला तर लवकरात लवकर लेखी दुजोरा द्यावा. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवून ठेवाव्यात. फाइलवरच्या शेऱ्यांचंही तसंच. केंद्र सरकारने २००६ मध्ये माहिती अधिकारातून टिपण्या वगळण्याचा घाट घातला तेव्हा अण्णा हजारे त्या ऑगस्टमध्ये आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारला मागे यावं लागलं. लोकांना तेव्हा कळलं होतं की निर्णय पाहून भागत नाही, निर्णयाआधी कोण काय म्हणालं तेही पाहावं लागतं. ही जबाबदारीची खरी लढाई होती, आणि ती महाराष्ट्रात लढली गेली.

शंकेखोर : लढली गेली, आणि तिचा परिणाम काय झाला तेही बघू या. टिपणी उद्या कोणीही मागवू शकतो हे कळल्यावर शहाणी माणसं टिपणीत कमी लिहायला लागली आणि केबिनमध्ये जास्त बोलायला लागली. खाजगी कंपन्यांत तर याचं वेगळंच रूप आहे. तिथे साहेबाला नावाने हाक मारतात, केबिन नसते, सगळे एकाच लांब टेबलावर बसतात. पण मतभेद झाला की मेल निघतो, ‘आपल्या बोलण्याप्रमाणे’ अशी सुरुवात असलेला, आणि सीसीमध्ये चार वरिष्ठ. तो मेल काम पुढे नेण्यासाठी नसतो. उद्या अंगाशी आलं तर दाखवायला म्हणून असतो. नोंद वाढली की विश्वास घटतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

म्हणून मी ‘चर्चा करावी’ला सरसकट वाईट म्हणणार नाही. तीन महिने पत्रव्यवहारात अडकलेलं प्रकरण दोन खात्यांच्या माणसांनी चहा घेत दहा मिनिटांत सोडवल्याचं कोणीही अनुभवी कर्मचारी सांगेल. चूक चारचौघांत न काढता आत बोलावून सांगणं, हाही शिष्टाचारच आहे आणि चांगला आहे. नवा मुलगा चुकला तर त्याला सगळ्यांसमोर झापणारा साहेब आपण नावाजत नाही, मग साहेब चुकला तर त्याला सगळ्यांसमोर सांगा, लेखी सांगा, हा आग्रह कशासाठी? माणसाला तोंड लपवायला थोडी जागा लागते. ती काढून घेतली की तो चूक कबूल करत नाही, ती झाकायला लागतो.

या शेवटच्या वाक्यात शंकेखोर बाईंचा सगळा अनुभव आहे, आणि तो खोडून काढता येण्यासारखा नाही. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये ही म्हण ऑफिसात अजून जिवंत आहे, ती उगाच नाही. लेखी नकार देणाऱ्याची बदली होते हे सर्वांना ठाऊक असतं. महाराष्ट्राने बदल्यांचं विनियमन करणारा २००५ चा कायदा केला, साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ त्यात धरला, त्याच्या मागेही हीच भीती होती.

आग्रही : आत बोलावून सांगणं चांगलं, हे मान्य. पण बोलावणारा कायम एकच असतो. लिपिक साहेबांना ‘जरा आत येता का’ म्हणू शकत नाही. तोंड लपवायची जागा तुम्ही म्हणता ती वरच्यालाच मिळते. खालच्याचं सगळं लेखी असतं, त्याचा उशीर, त्याची रजा, त्याचा गोपनीय अहवाल. तो अहवाल तर कित्येक वर्षं त्याला दाखवलाही जात नसे, फक्त प्रतिकूल शेरा असेल तर कळवायचे. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अहवालातली प्रत्येक नोंद ज्याची त्याला कळवली पाहिजे. इतकी साधी सभ्यता, तीही न्यायालयाकडून यावी लागली.

तेव्हा तुमचा पहिला आक्षेप मी जसाच्या तसा घेतो. सहवैमानिक बोलला होता, ऐकणाऱ्याने ऐकलं नाही. मग ऐकण्याला जबाबदारीचं काम समजू या. विमानतळाचा नियंत्रक सूचना देतो तेव्हा वैमानिक ती पुन्हा म्हणून दाखवतो, नुसतं ‘हो’ चालत नाही. ऐकलं आणि नीट ऐकलं, याची खूण ऐकणाऱ्याने द्यायची असते. आपल्याकडे ही खूण कायम सांगणाऱ्याकडून मागितली जाते. ‘मी सांगितलं होतं’ याचा पुरावा खालच्याने सांभाळायचा. ‘मी ऐकलं होतं आणि या कारणासाठी मानलं नाही’ एवढी एक ओळ वरच्याने लिहावी, ही अपेक्षा फार आहे का?

शंकेखोर : फार नाही. पण त्याची हमी कोण देणार? हाताखालच्यांना वरिष्ठाबद्दल विचारावं हा प्रयोगही झालाय. केंद्र सरकारने वरच्या पदांसाठी निवड करताना सहकारी आणि कनिष्ठ यांची मतं घ्यायला २०१५ च्या सुमारास सुरुवात केली. दोन वर्षांत संसदेच्या स्थायी समितीनेच त्या पद्धतीवर अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ असा ठपका ठेवला. कोणी काय सांगितलं ते अधिकाऱ्याला कळत नव्हतं. आता पेच बघा. नाव उघड केलं तर कनिष्ठ बोलणार नाही. नाव झाकलं तर ज्याच्याबद्दल बोललं त्याला उत्तर देता येत नाही, आणि खुन्नस काढणाऱ्यांचं फावतं. ज्या देव दत्त निकालाचा तुम्ही आता गौरव केलात, त्याच न्यायाने ही पद्धत चुकीची ठरते.

आग्रही : हा पेच मला सोडवता येत नाही. पण त्यातून एक गोष्ट मला दिसते. आपण माणसाचं मोजमाप करायला गेलो की अडकतो, प्रसंगाचं करायला हवं. साहेब कसा आहे हे कनिष्ठाला विचारू नका. या फाइलवर, या दिवशी, काय बोलणं झालं एवढंच विचारा. ‘चर्चा करावी’ असा शेरा ज्या टिपणीवर असेल, तिच्यावर चर्चेनंतर दोन ओळी याव्यात. कनिष्ठाचं म्हणणं काय होतं आणि ते का बदललं. त्या ओळी साहेबाने स्वतःच्या अक्षरात लिहायच्या. म्हणजे लिपिकाला धीट व्हावं लागत नाही, साहेबाला चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही, आणि केबिनमधलं बोलणं बंदही होत नाही. ज्याने बोलावलं त्याने काय ऐकलं ते लिहायचं.

शंकेखोर : तुम्ही पहिल्यांदाच वरच्याच्या हातात पेन दिलंत, याचं मला बरं वाटलं. आतापर्यंतच्या सगळ्या सुधारणांमध्ये ते खालच्याच्याच हातात होतं. पण मंगळूरपाशी परत येते. तिसऱ्यांदा सांगूनही ऐकलं नाही, मग पुढे काय? कॉकपिटमध्ये निदान दुसऱ्या खुर्चीपुढेही तसाच दांडा असतो. माझ्या लिपिकापुढे काय आहे? तो फार तर सही नाकारू शकतो. मग साहेब फाइल शेजारच्या टेबलावर पाठवतो आणि तिथला माणूस सही करतो. साहेबाने त्या दोन ओळी लिहिल्याच नाहीत तर?

आग्रही : तर फाइल पुढे सरकू नये. त्या ओळी नसतील तर पुढच्या टेबलाने ती स्वीकारू नये, परत पाठवावी. शेजारच्या माणसाची जबाबदारी इथेच सुरू होते. सहकाऱ्याने नाकारलेली सही आपण का करतोय, हे त्याला विचारता आलं पाहिजे.

शंकेखोर : आणि त्या फाइलवर ज्याचा अर्ज आहे तो? कोणाचा वारस दाखला असेल, कोणाची विहिरीची मंजुरी, कोणाच्या शाळेचं अनुदान. बदल्यांच्या त्याच २००५ च्या कायद्यात विलंबाचाही भाग आहे. एका टेबलावर फाइल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तो म्हणतो. तुमच्या दोन ओळींसाठी साहेब आणि लिपिक एकमेकांकडे पाहत बसले, तर दंड त्या दोघांतल्या कुणालाच होत नाही. खिडकीपुढे उभ्या असलेल्या बाईला होतो. ती पुढच्या सोमवारी पुन्हा एसटीने येणार, एका दिवसाची मजुरी बुडवून. तिला काय सांगायचं?

आग्रही : तिला खरं कारण सांगायचं. कुणाचं म्हणणं कुणी ऐकून घेतलेलं नाही म्हणून अर्ज थांबलाय, असं.

शंकेखोर : ते खिडकीवर बसलेल्या लिपिकानेच सांगायचं ना?